वाल्डेमार हाफकिन

प्रस्तावना

दिल्लीतील करोल बाग हा दाट वस्तीचा आणि मोठ्या बाजारपेठेचा भाग आहे. सोने गाळण्याच्या आणि दागिने घडवण्याच्या व्यवसायानिमित्त सांगली जिल्ह्यातून आलेली काही मराठी कुटुंबेही येथे राहतात. पावसाळा सुरू झाला, की दरवर्षी या भागात त्याच सूचना पुन्हा ऐकू येतात : कूलरमधील साचलेले पाणी ओतून द्या, गच्चीवरील टाक्या झाका, अंगभर कपडे घाला. डेंग्यूचे दिवस आले, असे लोक म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

मार्च २०२० मध्ये मात्र वेगळेच घडले. कोरोनाच्या भीतीने हाच बाजार ओस पडला. भट्ट्या विझल्या आणि कारागीर गावाच्या वाटेकडे डोळे लावून बसले. एका रोगाची माणसांना सवय झालेली होती, तर दुसऱ्याने सारे व्यवहार थांबवले. वास्तविक १९९६ मध्ये डेंग्यूनेही दिल्लीत असाच हाहाकार माजवला होता. त्या वर्षी शहरात दहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि चारशेहून अधिक माणसे मरण पावली. तोच डेंग्यू पुढे दरवर्षीचा झाला.

रोग कधी पाहुण्यासारखा अचानक येतो, तर कधी घरच्यासारखा मुक्काम करतो. या दोन्ही रूपांशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली, अशा एका शास्त्रज्ञाचे चरित्र आपण या पाठात वाचणार आहोत. त्यांचे भारतातील कार्य दिल्लीजवळच्या आग्र्यात सुरू झाले आणि मुंबईत कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. मुंबईच्या परळ भागातील एक संस्था आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
- साथीचा रोग आणि प्रदेशनिष्ठ रोग यांतील फरक सांगू शकाल;
- हाफकिन यांच्या जीवनातील प्रमुख घटनांचा क्रम लावू शकाल;
- लसीची परीक्षा कशी घेतली जाते, हे स्पष्ट करू शकाल;
- खोटा ठपका सोसूनही कार्यावर निष्ठा ठेवणाऱ्या माणसाच्या स्वभावाचे वर्णन करू शकाल.

मूळ पाठ

१

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरी झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. हाफकिन ज्यू कुटुंबातील होते. त्या काळी रशियात ज्यूंना पदोपदी अपमान सोसावा लागे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेच्निकोव यांच्यासारखे थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. परंतु शिक्षण सुरू असतानाच, १८८१ मध्ये, शहरात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटक झाली आणि गुरूंच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली.

बुद्धी होती, पदवी होती, तरी प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली नाही. धर्म बदलला असता तर ती मिळाली असती. पण हाफकिन यांना ते मान्य नव्हते. अखेर १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ काम करून ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथेही आरंभी त्यांच्यासाठी संशोधकाची जागा नव्हती. ते ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हाफकिन हे वैद्य नव्हते, तर प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. वैद्यकाची पदवी नसलेला हा परका माणूस आपल्याला काय शिकवणार, ही भावना पुढे अनेक डॉक्टरांच्या मनात राहिली आणि त्याची किंमत हाफकिन यांना मोजावी लागली.

२

त्या काळी पटकी, म्हणजेच कॉलरा, हा जगाला धाक घालणारा रोग होता. युरोपात तो लाटेसारखा येई, हजारो माणसांचा बळी घेई आणि ओसरून जाई. हाफकिन यांनी या रोगाच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर प्रयोग यशस्वी झाले. पण माणसाला ती सोसेल की नाही, हे कोण सांगणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. नंतर त्यांच्या काही मित्रांनीही स्वेच्छेने ती टोचून घेतली.

लस निरुपद्रवी आहे, एवढे त्यावरून सिद्ध झाले. ती खरोखर पटकीपासून वाचवते का, हे मात्र जेथे पटकी आहे तेथेच कळणार होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांनी हाफकिन यांना भारतात जाण्याचे सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले आणि एप्रिलपासून आग्र्यात त्यांनी टोचणीचे काम सुरू केले. पुढील दोन वर्षांत उत्तर भारतातील छावण्या, गावे आणि शहरे पालथी घालून त्यांनी सुमारे ४२ हजार माणसांना लस टोचली.

येथे एक अनपेक्षित अडचण पुढे आली. एखाद्या छावणीत शेकडो जणांना लस टोचावी आणि नेमकी त्या वर्षी तेथे पटकी येऊच नये, असे वारंवार घडू लागले. रोग आलाच नाही, तर लसीने वाचवले की नशिबाने, हे कसे ठरवायचे?

या अडचणीचे मूळ रोगाच्या स्वभावात होते. एखाद्या ठिकाणी, ठरावीक काळात, नेहमीच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक माणसांना एखादा रोग झाला, तर त्याला साथीचा रोग म्हणतात. उत्तरेतील बहुतेक छावण्यांत पटकी अशी साथीने येत असे. ती कोठे आणि केव्हा येईल, याचा नेम नसे. याउलट, जो रोग एखाद्या प्रदेशात कायम वास्तव्य करून असतो, कमीअधिक प्रमाणात पण दरवर्षी आढळतो, त्याला प्रदेशनिष्ठ रोग म्हणतात. गंगेच्या मुखाजवळच्या बंगालमध्ये पटकी ही अशी प्रदेशनिष्ठ होती. कलकत्त्याच्या बस्त्यांमधील लोक ज्या तळ्यांत आंघोळ करीत, कपडे धूत, त्यांचेच पाणी पीत. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये अशाच एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले होते.

म्हणून १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्याधिकारी सिंप्सन यांनी बोलावताच हाफकिन तेथे गेले. साथीचा पाठलाग करण्याऐवजी रोग जेथे मुक्कामाला आहे, तेथेच त्यांनी ठाण मांडले. चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर त्यांच्या सोबतीला होते. कट्टल बागान नावाच्या बस्तीत पटकीचे रुग्ण आढळले, तेव्हा तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांना लस टोचण्यात आली. त्यानंतर बस्तीत ज्यांना पटकी झाली, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीतील, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांची तुलना करून लसीचा गुण दाखवता आला. हाफकिन यांनी आपल्या साऱ्या कामात या तुलनेच्या पद्धतीचा आग्रह धरला.

भारतातील प्रदेशनिष्ठ रोगांचा अनुभव त्यांना स्वतःलाही आला. १८९५ मध्ये हिवतापाने ते इतके खंगले, की त्यांना इंग्लंडला जावे लागले. प्रकृती थोडी सुधारताच ते पुन्हा भारतात परतले.

३

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एक विलक्षण ताप पसरू लागला. काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि काही दिवसांतच रोगी दगावे. हा प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे डॉक्टर आकासियो व्हिएगश यांनी ओळखले. मुंबईला तेव्हा या रोगाची मुळीच ओळख नव्हती. हिवताप, हगवण आणि देवी यांसारख्या रोगांनी दरवर्षी माणसे मरत, पण त्यासाठी कोणी शहर सोडत नसे. प्लेग येताच मात्र लाखो लोक मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले. गिरण्या थंडावल्या. माणसांबरोबर रोगही गावोगाव पोहोचला.

सरकारही गोंधळले. फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईने साथरोगांविषयीचा कायदा करण्यात आला. घरांची झडती, रोग्यांना सक्तीने हलवणे, सामान जाळणे असे उपाय योजले गेले. पुण्यात या सक्तीमुळे असंतोष भडकला आणि जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. प्लेगचे जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतात, हे १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ यांनी दाखवले. पण ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोपर्यंत पुष्कळसे उपाय अंधारात चाचपडण्यासारखेच होते.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तेवढ्या सामग्रीवर त्यांनी अहोरात्र काम केले. मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू लोंबत वाढतात, असे त्यांना आढळले. असे वाढवलेले जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस तयार केली. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत, म्हणून गाईच्या किंवा डुकराच्या मांसाऐवजी बकऱ्याचे मांस वापरण्याची काळजीही त्यांनी घेतली. या अतिश्रमाने एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली आणि इतरही सोडून गेले. तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा पहिली सुई स्वतःच्याच अंगात टोचली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही बचावले. बंदिवानांवर लसीचा असा प्रयोग करण्यास आजचे नियम सहजी परवानगी देणार नाहीत. परंतु त्या भयाण दिवसांत या आकड्यांनी लोकांना धीर दिला. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, मात्र रोगाचा आणि मृत्यूचा धोका पुष्कळ कमी करीत होती. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या खोजा अनुयायांनाही ती घ्यावयास लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. पुढे ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. १९२५ पर्यंत या प्रयोगशाळेतून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या.

प्लेग मात्र मुंबईला भेट देऊन निघून गेला नाही. तो दरवर्षी परतू लागला आणि पुढील सुमारे वीस-पंचवीस वर्षांत त्याने देशभर एक कोटीच्या आसपास बळी घेतले. साथ म्हणून आलेला रोग येथेच वस्तीला राहिला होता.

४

कीर्तीच्या शिखरावर असतानाच हाफकिन यांच्यावर आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सारे मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. चौकशी समितीने परळच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले. ज्या माणसाने दोनदा स्वतःच्या जिवावर प्रयोग केला होता, त्याच्यावर निष्काळजीपणाचा डाग लागला.

हाफकिन इंग्लंडला गेले आणि न्यायासाठी चिकाटीने झगडले. कागदपत्रांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा सत्य बाहेर आले. गावात ती बाटली उघडण्यासाठी वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. परळहून निघताना बाटलीत दोष असल्याचा पुरावा नव्हता. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ उघडपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये सरकारने त्यांना दोषमुक्त केले आणि ते पुन्हा कलकत्त्यास रुजू झाले. परंतु परळची जागा त्यांना परत मिळाली नाही आणि माणसांवर नव्या लसींची परीक्षा घेण्याची मुभाही राहिली नाही. १९१५ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले आणि हा सन्मान त्यांना हयातीत पाहावयास मिळाला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

५

हाफकिन यांच्या जीवनातून रोगांविषयी एक महत्त्वाची गोष्ट आपल्या ध्यानात येते. साथीचा रोग भयंकर आणि प्रदेशनिष्ठ रोग सौम्य, असा नियम नाही. फरक आहे तो स्थळाचा, काळाचा आणि अपेक्षित संख्येचा. एकच रोग एका ठिकाणी साथीचा, तर दुसऱ्या ठिकाणी प्रदेशनिष्ठ असू शकतो, हे पटकीने दाखवले. साथीचा रोग पुढे प्रदेशनिष्ठ बनू शकतो, हे दिल्लीतील डेंग्यूने दाखवले. आणि विसरलेला रोग पुन्हा साथ होऊन उठू शकतो, हे १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गाव आणि सुरत येथे आलेल्या प्लेगने दाखवले. साथ अनेक देशांत पसरली, की तिला महासाथ म्हणतात. कोरोना हे तिचे अलीकडचे उदाहरण. मुंबईच्या प्लेगच्या वेळी झालेला १८९७ चा कायदाच २०२० मध्ये पुन्हा वापरावा लागला होता.

साथ आली, की समाज जागा होतो. भीतीच त्याला जागे करते. प्रदेशनिष्ठ रोगाचे तसे नसते. क्षय, हिवताप, हत्तीरोग यांसारख्या रोगांची माणसांना सवय होते आणि सवयीमुळे होणारे मृत्यू कोणी मोजत नाही. हाफकिन यांनी मात्र बस्तीतील प्रत्येक माणूस मोजला. कोणाला लस दिली, कोण आजारी पडले, कोण वाचले, याची नोंद ठेवली. करोल बागेतील एखाद्या गल्लीत कूलरचे पाणी ओतून देणारी गृहिणी आणि शेजारच्या घरात किती जण तापाने आजारी आहेत याची विचारपूस करणारी आरोग्यसेविका हेच काम पुढे चालवीत असतात. रोगाची सवय होऊ न देणे, हाच त्याच्यावर विजय मिळवण्याचा पहिला टप्पा होय.

शब्दार्थ

साथ : एखाद्या ठिकाणी रोगाचा अपेक्षेपेक्षा अधिक प्रसार
प्रदेशनिष्ठ : विशिष्ट प्रदेशात कायम आढळणारा
महासाथ : अनेक देशांत पसरलेली साथ
पटकी : कॉलरा
दगावणे : मरण पावणे
बस्ती : गरिबांची दाट वसाहत
पाचारण करणे : बोलावणे
ठपका : दोषारोप
निर्जंतुक : जंतुविरहित

पाठगत प्रश्न

१. हाफकिन यांना रशियात प्राध्यापकपद का मिळाले नाही?
२. उत्तर भारतातील छावण्यांत पटकीच्या लसीचा गुण सिद्ध करणे कठीण का गेले?
३. प्लेगची लस तयार करताना हाफकिन यांनी लोकांच्या भावनांचा विचार कसा केला?
४. मुल्कोवाल येथील मृत्यूंचे खरे कारण कोणते होते?

स्वाध्याय

१. साथीचा रोग आणि प्रदेशनिष्ठ रोग यांतील फरक पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. कट्टल बागान आणि भायखळा येथील प्रयोगांत कोणते साम्य आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. आपल्या वस्तीत दरवर्षी आढळणारा एखादा रोग निवडा. तो कोणत्या महिन्यांत वाढतो, त्याची कारणे कोणती आणि तो रोखण्यासाठी काय केले जाते, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून आणि जवळच्या दवाखान्यातून मिळवा व पंधरा ओळींत लिहा.